चुलीची देवी आणि शेतातला काळा दगड

गेल्या अंकात व्हेस्टा या लघुग्रहावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर व्हेस्टालाच दिलंय. मेहकरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवताना हे अनुभवलंय: धडा नीट समजावला की वर्ग गप्प बसतो, अर्धवट सोडला की हात वर होतात. निवडक पत्रं घेतोय. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये.

"आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'सव्वापाचशे किलोमीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेनं'. सोबत व्हेस्टाचा फोटो. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. त्यांना काय सांगू?" — एक वाचक, खामगाव

आधी त्यांना जेवायला वाढा. मग सांगा की फोटो खरा आहे. 'डॉन' नावाचं यान १६ जुलै २०११ ला व्हेस्टाभोवती फिरायला लागलं आणि ५ सप्टेंबर २०१२ ला तिथून निघालं, त्या वर्षभरातला तो फोटो. आकारही खरा. सरासरी व्यास ५२५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून अमरावतीपर्यंत सरळ दोरी धरली तर जवळपास तेवढा. खोटं आहे ते फक्त 'दिशेनं'.

व्हेस्टा मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरतो. एका फेरीला तीन वर्षं साडेसात महिने लागतात. या वाटेवर तो आपल्या अगदी जवळ येतो तेव्हाही मधलं अंतर सतरा कोटी किलोमीटर असतं. सूर्य पंधरा कोटींवर आहे. म्हणजे जवळ आलेला व्हेस्टासुद्धा सूर्यापेक्षा लांबच. त्याच्या टवक्यांची गोष्ट वेगळी, ते मात्र खरोखर आपल्याकडे येतात. पण ती गोष्ट सासूबाईंना जेवण झाल्यावर सांगा.

"लघुग्रह साध्या डोळ्यांनी दिसतो हे तुमचं वाक्य मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी पुरावा मागितला. तुम्ही स्वतः पाहिलाय का?" — एक शिक्षिका, पुणे

पाहिलाय. त्याआधी एकदा चुकीचाही पाहिलाय, तेही सांगतो.

२०१८ सालचा जून. १९ जूनला व्हेस्टाची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य एका बाजूला, व्हेस्टा बरोबर दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. तेव्हा तो ५.३ प्रतीपर्यंत उजळणार होता (प्रत म्हणजे तेज मोजायची पट्टी, आकडा जितका लहान तितका ठिपका तेजस्वी). अंधाऱ्या जागी आपली नजर साधारण सहाव्या प्रतीपर्यंत पोचते, त्यामुळे काम जमण्यासारखं होतं. अडचण एकच. १९ जूनला विदर्भात आभाळाकडे बघून कोणी तारे शोधत नाही, पाऊस शोधतो. म्हणून मी मृग लागायच्या दोन-तीन रात्री आधीच गच्चीवर ठाण मांडलं. अधिक महिन्याचा वद्य पक्ष होता, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. शेजारची दोन मुलं सोबतीला, एक सातवीतला, एक नुकताच दहावी झालेला. गच्चीचा कोबा रात्री दहालाही पाठीला चटका देत होता, म्हणून आम्ही त्यावर पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या आणि सतरंजी टाकली.

व्हेस्टा धनु राशीत होता. शनी त्याच राशीत ठळक दिसत होता, त्याच्यापासून वाट काढत जायचं होतं. मी दुर्बिणीतून एक पिवळसर ठिपका पकडला आणि ऐटीत सांगितलं, "हा बघा व्हेस्टा." मुलांनी पाहिलं, "वा सर" म्हणाली. सातवीतल्यानं मात्र जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या भागातले ठिपके पेन्सिलनं काढून ठेवले. मी सांगितलं नव्हतं, त्याला आपली सवय. दुसऱ्या रात्री ते पान टॉर्चवर लाल कागद लावून आम्ही पुन्हा आभाळाशी ताडून पाहिलं. माझा 'व्हेस्टा' जागच्या जागी. तो साधा तारा होता. त्याच्या खाली डावीकडे काढलेला दुसरा ठिपका मात्र पानावर एकीकडे आणि आभाळात एकीकडे. प्रतियुतीच्या आसपास व्हेस्टा दिवसाला साधारण अर्ध्या पूर्णचंद्राइतका सरकतो, पानावर तेवढाच फरक पडला होता. "सर, हा हलला," पोरगं म्हणालं. दुर्बीण बाजूला ठेवून मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. थेट पाहिलं की नाहीसा व्हायचा, नजर जरा बाजूला नेली की पुन्हा उमटायचा. पण होता.

पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी जमणार नाही, दिवेच फार. पण साधी १०×५० ची दुर्बीण असेल तर गच्चीवरूनही दिसेल. स्टेलॅरियम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर व्हेस्टा कुठं आहे ते दाखवतं. मुलांना ती जागा आधी सांगू नका. तिथले सगळे ठिपके कागदावर काढायला लावा आणि दोन-तीन रात्रींनी हललेला कोणता ते त्यांनाच विचारा. अशी संधी दर साडेसोळा महिन्यांनी येते, पण दर वेळी तो इतका उजळत नाही. त्या वर्षीसारखा तेजस्वी तो अकरा वर्षांनी होतो, म्हणजे आता २०२९ मध्ये. आणि तेव्हाही पावसाळाच असणार आहे. आपलं नशीब!

"सेरेस सगळ्यात मोठा, मग तो का दिसत नाही?" — एक वाचक, ठाणे

सेरेस हाही त्याच पट्ट्यातला, साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण कोळशागत काळवंडलेला. अंगावर पडलेल्या प्रकाशातला दहावा हिस्साही परत देत नाही. व्हेस्टा चाळीस टक्क्यांवर परत देतो, शिवाय तो आपल्याला जवळ.

"तुम्ही 'तो व्हेस्टा' लिहिता. व्हेस्टा तर रोमन देवी. मग 'ती' का नाही?" — एक निवृत्त मराठीच्या प्राध्यापिका, नाशिक

बाई, पकडलंत. लघुग्रह पुल्लिंगी म्हणून माझ्या हातून 'तो' जातं. देवी म्हणून 'ती' म्हणायला माझी ना नाही. आणि देवीही कसली, तर चुलीची. रोमन लोकांच्या घरातला विस्तव ही तिची जागा.

नाव ठेवणारा मात्र ज्यानं शोधला तो नव्हे. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हाइनरिख ओल्बर्स नावाचे डॉक्टर होते. दिवसा रोगी तपासायचे आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बिणीला डोळा लावायचे. पॅलस हा लघुग्रह त्यांनी १८०२ मध्ये शोधला होता. त्यांची समजूत अशी की हे सगळे एका फुटलेल्या मोठ्या ग्रहाचे तुकडे आहेत, तेव्हा जिथे तो फुटला त्या जागेवरून प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा जाणारच. म्हणून ते आभाळातल्या ठरावीक जागांवर वर्षानुवर्षं पहारा देत बसले. २९ मार्च १८०७ ला कन्या राशीत व्हेस्टा सापडला. समजूत साफ चुकीची होती, असा कुठला ग्रह फुटलेला नाही. चुकीच्या नकाशानं बरोबर गावाला पोचलेला माणूस म्हणून मला ओल्बर्स फार आवडतात, आणि माझ्या गच्चीवरच्या चुकीनंतर तर जरा जास्तच.

नाव ठेवायचा मान त्यांनी कार्ल फ्रीड्रिश गाउस या गणितज्ञाला दिला, आणि गाउसनं व्हेस्टा हे नाव सुचवलं. पुढचा लघुग्रह सापडायला थेट १८४५ उजाडलं. मधली अडतीस वर्षं सेरेस, पॅलस, जुनो आणि व्हेस्टा ही चौकडी पुस्तकांतून सरळ ग्रह म्हणूनच छापली जात होती.

"व्हेस्टा पत्रिकेत कोणत्या घरात मांडायचा?" — एक वाचक, कोल्हापूर

कोणत्याही नाही. स्वयंपाकघरात मांडा, चुलीचीच देवी आहे.

"नांगरताना दोन मुठींएवढा काळा, जड दगड लागला. गावातले म्हणतात आभाळातून पडलेला आहे. व्हेस्टाचा असू शकेल का? विकला तर किती येतील?" — एक शेतकरी वाचक, सिंदखेड राजा तालुका

दादा, किंमत नंतर. आधी दगड.

आपला सगळा मुलूखच काळ्या पाषाणाचा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यावर आपण शेती करतो. त्यामुळे नुसता काळा आणि जड असण्याला इथं काही मोल नाही. पण एक गंमत लक्षात ठेवा. आपला काळा पाषाण उन्हापावसात पडून बाहेरून तांबूस, मातकट होतो आणि फोडला की आत काळाशार निघतो. व्हेस्टावरून आलेला दगड नेमका उलटा. हवेतून खाली येताना त्याची वरची साल वितळते, म्हणून बाहेरून पातळ, काळी, बऱ्याचदा मडक्याच्या झिलईसारखी चकचकीत कातडी. आत फिकट राखाडी, जवळपास सिमेंटच्या रंगाचा. तुमच्या दगडाचा एखादा कोपरा मुळातच उडालेला असेल तर तिथं बघा. मुद्दाम घण घालू नका.

लोहचुंबकाची परीक्षा सगळे सांगतात. बहुतेक अशनींना, म्हणजे आभाळातून पडलेल्या दगडांना, ती लागू पडते, कारण त्यांत लोखंडाचे कण असतात. व्हेस्टाच्या दगडांत मोकळं लोखंड जवळपास नसतंच. उलट आपला काळा पाषाण चुंबकाला थोडा ओढतो! म्हणजे चुंबक इथं फसवणार. आणि दगडात बुडबुड्यांची भोकं किंवा पांढरे गारेचे खडे भरलेले दिसले, तर तो बहुतेक आपल्याच मातीतला.

साल काळी आणि पोट राखाडी असेल तर फोटो काढा, कुठं सापडला ते लिहून ठेवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. अशनी जपण्याचं काम त्यांचंच. विकायचा विचार सोडा. निम्म्याहून जास्त वेळा माझ्याकडे आलेला 'आभाळाचा दगड' जात्याच्या पाळीचा तुकडा निघालाय.

"पण एखादा दगड व्हेस्टावरूनच आला हे कसं ठरवतात? तिथून आणलेला नमुना तर कुणाकडे नाही." — एक वाचक, मूळ गाव वाई, आता शारजा

या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तराला दोनशे वर्षं लागलीत, तेव्हा मला थोडी जागा द्या.

२२ मे १८०८, रविवारची सकाळ. मोराव्हियातल्या श्टानर्न या गावाभोवती, आजच्या चेक प्रजासत्ताकात, दगडांचा पाऊस पडला. ओल्बर्सना व्हेस्टा दिसून जेमतेम चौदा महिने झाले होते. म्हणजे एकीकडे दुर्बिणीत एक नवा ठिपका आणि दुसरीकडे शेतात गरम दगड. दोन्ही एकाच घरचे, आणि दोघांची ओळख करून द्यायला कोणी नाही. असे दगड पुढेही पडत राहिले. आपल्याकडे बंगालात शाल्का इथं १८५० मध्ये, राजस्थानात लोहावटला १९९४ मध्ये आणि पिपलिया कलाँला १९९६ मध्ये. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत पाच-सहा या घराण्याचे असतात. घराण्यात तीन भाऊ. युक्राइट म्हणजे वरचा थिजलेला लाव्हा, आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ. डायोजेनाइट हा त्याखाली खोलवर सावकाश गोठलेला. हॉवर्डाइट म्हणजे दोघांचा चुरा होऊन पुन्हा घट्ट झालेली खिचडी.

ओळख पटली ती १९७० मध्ये. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातले ठरावीक रंग गिळतं. थॉमस मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेस्टाच्या प्रकाशाची अशी तपासणी केली, तेव्हा पायरॉक्सीन या खनिजाची खूण मिळाली, आणि ती युक्राइट दगडाच्या खुणेशी तंतोतंत जुळली. तरी शंकेखोरांनी विचारलंच, आणि बरोबर विचारलं, की व्हेस्टावरून टवका उडाला तरी तो पृथ्वीपर्यंत येणार कसा? १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांना त्याच खुणेचे छोटे छोटे लघुग्रह सापडले. व्हेस्टाच्या आसपासपासून ते एका विशिष्ट अंतरापर्यंत त्यांची रांगच लागली होती.

ते अंतर महत्त्वाचं. सूर्यापासून पृथ्वीच्या अडीच पट लांब. तिथला दगड सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेव्हा गुरूची बरोबर एक होते. झोक्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं गुरूचं ओढणं ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा बसतं आणि दगडाची वाट ताणत जाते, शेवटी पृथ्वीच्या वाटेला छेदते. पुढे 'डॉन' यानानं जवळून मोजमाप केलं, तेही या दगडांशी जुळलं. २०१५ मध्ये तुर्कस्तानात सारिचिचेक गावी पडलेला हॉवर्डाइट तर व्हेस्टावरच्या अंतोनिया नावाच्या विवरातून उडालेला असावा, इथपर्यंत माग काढलाय. चोराच्या पावलांवरून गल्ली नाही, घर सांगितल्यासारखं.

यात पिपलिया कलाँचा मान वेगळा. एवढासा व्हेस्टा, तो आतून वितळला कशानं, हा जुना सवाल होता. अंदाज असा की ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या उष्णतेनं. ते साधारण सात लाख वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे आता साडेचार अब्ज वर्षांनंतर त्याचा कणही उरलेला नाही. पण ते संपताना मॅग्नेशियम-२६ मागे सोडतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी पिपलिया कलाँच्या दगडात हे जादा मॅग्नेशियम शोधून काढलं आणि १९९९ मध्ये जाहीर केलं. विस्तव विझला, राख सापडली. नाशिकच्या बाई, गाउसनं नाव ठेवताना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे लक्षात घ्या.

"व्हेस्टावर लोणारसारखी विवरं आहेत का?" — बारावीची विद्यार्थिनी, बुलढाणा

आहेत, आणि मेहकरकराला हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. लोणारशी खरं नातं आहे ते दगडाचं. दोन्हीकडे आघात झालाय तो बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासारख्या थिजलेल्या लाव्ह्यावर, म्हणून लोणारच्या काठचे भाजलेले, काचेसारखे झालेले खडे अभ्यासकांना मोलाचे वाटतात. पृथ्वीवर बेसाल्टमधली अशी विवरं फार थोडी.

आकाराचं मात्र विचारू नकोस. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर. व्हेस्टाच्या दक्षिण टोकाला रियासिल्व्हिया नावाचं विवर आहे, त्याचा सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे अख्ख्या व्हेस्टाच्या रुंदीएवढा खड्डा! आघातानंतर तळ उसळून मधे डोंगर झाला, तो पायथ्यापासून वीस किलोमीटरच्या वर चढतो. एव्हरेस्टच्या दुपटीहून जास्त. धक्का असा बसला की विषुववृत्तापाशी लांबच लांब खोल चर पडले. कलिंगड आपटल्यावर दुसरीकडे चिरा जाव्यात तसे. हा आघात साधारण एक अब्ज वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या खाली वेनेनिया नावाचं आणखी एक जुनं, ४०० किलोमीटरचं विवर अर्धं पुसलेलं दिसतं. आपल्या हाती येणारे बहुतेक टवके या खड्ड्यांतले.

उत्तर भागात तीन विवरं एकाला एक लागून आहेत. नासावाले त्याला 'स्नोमॅन' म्हणतात. ज्यांनी बर्फाचा माणूस कधी केला नाही त्यांनी उतरंड म्हणावं. मोठं गाडगं साठेक किलोमीटरचं, त्यावर मधलं, त्यावर लहान.

"सर, मी व्हेस्टावर उडी मारली तर परत खाली येईन का? आणि बॉल फेकला तर?" — इयत्ता सातवी, रिसोड

येशील. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या चाळिसाव्या हिश्शाएवढं. इथं तुझं वजन चाळीस किलो भरत असेल तर तिथं एक किलो भरेल. इथं तू एक फूट उडी मारतोस, तीच उडी तिथं चाळीस फूट जाईल, चार मजली इमारतीएवढी. वर जाऊन पाय पुन्हा जमिनीला टेकायला वीस सेकंद लागतील. तेवढ्यात एकोणतीसचा पाढा म्हणून होतो. (येतो ना?) अंगावर अवकाशातला जड पोशाख असेल, त्यामुळे उडी थोडी कमी भरेल, पण हिशोब असा.

तिथला दिवसही लहान, पाच तास वीस मिनिटांचा. अकराला शाळा भरताना सूर्य उगवला, तर दोनला वीस मिनिटं असताना मावळेल आणि चार वाजून वीस मिनिटांनी, शाळा सुटायच्या आतच, पुन्हा उगवेल.

आता बॉल. व्हेस्टावरून कायमचा निसटायला सेकंदाला ३६० मीटर वेग लागतो, तासाला तेराशे किलोमीटर. तेवढा कोणाच्याच हातात नाही. वेगवान गोलंदाजानं दीडशेच्या वेगानं सरळ वर फेकला तर चेंडू साडेतीन किलोमीटर वर जाईल आणि सुमारे साडेपाच मिनिटांनी परत येईल. हवा नाही, त्यामुळे वाऱ्यानं इकडेतिकडे जायचा प्रश्न नाही. कॅच सोडलास तर मात्र कारण सांगायला जागा नाही.